उषाताईंची फळी आणि माझं ड्रिल मशीन

“उषाजी तो पूना जा रही हैं, बेटे के पास। और वो मकान…”

एवढं ऐकलं आणि पिठाची चक्की सुरू झाली. पुढचं वाक्य गव्हाबरोबर दळलं गेलं!

असं वैऱ्याच्याही नशिबी येऊ नये हो. बातमी कोणाची, तर माझ्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या उषाताईंची. सांगणार कोण, तर आमच्या समोरच्या गुप्ता भाभी, ज्यांची बातमी सहसा फुकट जात नाही. आणि ऐकणारी कोण, तर मी! ग्वाल्हेरात गोरखीच्या मागच्या आमच्या गल्लीत कोणाकडे पाहुणे आले, कोणाची सून रुसली, कोणाच्या घरी आज भाजीऐवजी नुसतं पिठलं झालं, सगळं मला आधी कळतं. लोक मला चौकस म्हणतात. पाठीमागे आणखी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, कारण तेही मी ऐकलेलं आहे. अशा बाईला शेजारच्या घरातली एवढी मोठी गोष्ट चक्कीवर कळावी? आणि तीही अर्धी?

मी चक्कीवाल्याला हाताने खूण केली, बंद कर म्हणून. त्याला वाटलं बारीक दळायला सांगतेय. त्याने आणखी जोर लावला. तेवढ्यात गुप्ता भाभी पीठ उचलून ई-रिक्षात बसून गेल्यासुद्धा.

तुम्ही म्हणाल, मग घरी जाऊन विचारायचं भाभींना! कशी विचारू? विचारलं म्हणजे मला ठाऊक नाही हे कबूल करणं आलं. उषाताईंची रजू मी, आणि मलाच ठाऊक नाही? छे!

मग उषाताईंना विचारायचं!

हे मात्र… मला जमलं नाही. साऱ्या जगाला विचारत फिरते मी, पण तिथे माझी जीभ टाळूला चिकटली. त्या “हो” म्हणाल्या असत्या तर?

उषाताई कोण, ते आधी सांगते. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा मला धड पोळी येत नव्हती आणि अभ्यास म्हणाल तर दहावीत माझं गणित राहिलेलं. आम्ही मोहिते, आमचे वाडवडील फौजेत. त्या देशस्थ, त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या आणि पंचांग. सासूबाई म्हणायच्या, “त्यांच्याशी जपून बोल, विद्वान लोक आहेत.” आणि ह्या विद्वान बाईने पहिल्याच दिवशी गच्चीच्या कठड्यावरून मान काढून मला काय विचारलं? “काय गं, सासू झोपली का? ये, चहा घेऊ.”

तेव्हापासून आमचा चहा गच्चीवर. दोन गच्च्या, मध्ये एक कठडा. अलीकडे मी, पलीकडे त्या. कप ठेवायला उषाताईंच्या यजमानांनी कठड्यावर लोखंडी घोडे ठोकून एक फळी बसवली होती, अर्धी त्यांच्याकडे, अर्धी माझ्याकडे. यजमान गेले, मुलगा पुण्याला नोकरीला लागला, माझी मुलगी सासरी गेली, पण फळी होती. मागच्या उन्हाळ्यात एक आंधी आली आणि फळी घोड्यांसकट उखडून खाली अंगणात. त्यातच उषाताईंचा गुडघा धरला. जिना चढणं कमी झालं. आधी रोजचा चहा, मग आडदिवसाचा, मग मी एकटीच वर जाऊन कपडे वाळत घालायचे आणि पलीकडच्या गच्चीवर कबुतरं बघायचे.

आणि आता हे! पूना! बेटे के पास! और वो मकान!

मी पुरावे गोळा करायला लागले. उषाताईंनी लोणच्याच्या बरण्या वाटून टाकल्या. एक मला, एक गुप्ता भाभीला, एक दूधवाल्याला. दूधवाल्याला! लोणच्याची बरणी कोणी अशी देतं का हो, जिला परत इथे कैऱ्या घालायच्या आहेत ती? मग एक माणूस टेप घेऊन त्यांच्या घरात मापं घेऊन गेला. मी खिडकीच्या पडद्याआडून बघितलं. घर घेणाराच तो, दुसरं कोण माप घेतं?

संध्याकाळी मी आमच्या ह्यांना म्हटलं, “उषाताईंनी घर विकलं.”

आमचे हे सराफ्यात एका पेढीवर हिशेब लिहितात. बोलणं मोजून-मापून, जसं काही शब्दालाही घडणावळ पडते. म्हणाले, “कोणी सांगितलं?”

“सांगितलं नाही. कळलं.”

“मग पूर्ण कळू दे,” म्हणाले आणि जेवायला बसले.

आता इथे माझ्या डोक्यात जे शिरलं, त्याला तुम्ही हसाल. हसा. मला वाटलं, फळी परत बसली तर उषाताई जाणार नाहीत.

अहो, माणूस घाबरलं की असंच काहीतरी धरून बसतं!

मिस्त्रीला फोन केला. म्हणाला, “दो छेद के लिए कौन आएगा भाभीजी? कमरा-वमरा बनवाओ तो बोलो।” दुसऱ्याला केला. तो म्हणाला, “कल आता हूँ।” ग्वाल्हेरच्या मिस्त्रीचं “कल” म्हणजे काय ते ज्याने घर बांधलंय त्यालाच ठाऊक. मग मी ह्यांच्या मागे लागले, आपण ड्रिल मशीन मागवू, ऑनलाइन. घरबसल्या येतं, आवडलं नाही तर परत घेतात.

“भोक कोण पाडणार?” ह्यांनी विचारलं.

“मी.”

ह्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. “तुझ्या हाताने लाडू सरळ वळत नाही.”

“लाडू वाटोळाच वळतात,” मी म्हटलं. विषय संपला.

मोबाइलवर एक मशीन बघितलं. काय तो फोटो! पिवळंधमक, मागे डोंगर फुटतोय, पुढे एक पैलवान उभा. खाली लिहिलेलं: कंक्रीट, लोहा, लकड़ी, सब में छेद। एकीने लिहिलं होतं, “माझ्या मिस्टरांना फार आवडलं.” मला तेवढं पुरे होतं. फळीसाठी नवे लोखंडी घोडेही मागवले.

खोकं आलं. एवढं मोठं, की मला वाटलं पैलवानसुद्धा आत आहे. उघडलं तर कागद, कागदात कागद, त्यात थर्माकोल, आणि मधोमध एक मशीन, होळीच्या पिचकारीएवढं. मी ह्यांना म्हटलं, “लहान दिसतंय ना?” हे म्हणाले, “डोंगर पाठवायचा राहिला वाटतं.”

असो. आता पुढे जे झालं, ते आपल्या लोकांशिवाय कोणाच्या हातून होणार नाही.

घरात नवी वस्तू आली, लोखंडाची, यंत्राची, तर आपण काय करतो? मिक्सर आला तेव्हा केलं, स्कूटर आली तेव्हा केलं. खंडेनवमीला तर आमच्याकडे थाटच असतो. पणजोबांच्या तलवारीची जागा आता पान्या-पकडीने घेतली आहे, पण पाट तोच. मग एवढं मोठं काम करायला निघालेलं यंत्र तसंच कसं वापरायचं? मी पाट मांडला. रांगोळी काढली. मशीनला हळद वाहिली, कुंकवात पाणी घालून ठळक स्वस्तिक काढलं, अक्षता टाकल्या. चिमूटभर नाही हो, मूठभर! मन भरून आलं होतं ना. ओवाळलं आणि डोळे मिटून म्हटलं, बाबा रे, दोनच भोकं पाड, पण माझी उषाताई जाऊ देऊ नकोस.

मशीनच्या अंगावर बारीक बारीक फटी असतात, वारा घ्यायला. माझ्या ते कशाला ध्यानात येतंय!

दुसऱ्या दिवशी उषाताई दवाखान्यात गेलेल्या बघून मी गच्चीवर चढले. वायर लावली. घोडा कठड्याला धरला, खडूने खूण केली, पदर खोचला आणि बटण दाबलं.

घर्रर्र, खड खड खड खड!

आवाज असा, की पत्र्याच्या डब्यात कोणी खडे घालून हलवतंय. आणि फटींतून कुंकू उडालं! माझ्या तोंडावर, दोरीवर वाळणाऱ्या ह्यांच्या पांढऱ्या धोतरावर, सगळीकडे. मी सोडते का? आणखी जोराने दाबलं. मशीनच्या तोंडात जे भोक पाडायचं टोक असतं ना, बिट म्हणतात त्याला, ते कठड्याला टेकलं, दोन गिरक्या घेतल्या आणि मेणबत्तीसारखं वाकलं. कंक्रीट, लोहा, लकड़ी म्हणे! चुना तरी फुटावा? फुटला, पण भलतीकडेच. भोक पडलं नाही, मात्र ताटाएवढा पोपडा सुटून उषाताईंच्या तुळशीत जाऊन पडला.

समोरच्या गच्चीवर गुप्ता भाभी पापड उलटत होत्या. त्यांनी बघितलं. मी, हातात मशीन, तोंड लाल, कठडा फुटलेला, पायाशी लोखंड. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर पुढचं रामायण टळलं असतं!

मी तक्रार करायला बसले. मोबाइलवर आधी एक यंत्रच बोलतं तुमच्याशी. “नमस्ते, समस्या चुनिए।” रंग आवडला नाही? साइज लहान आहे? विचार बदलला? माझी समस्या त्यात कुठेच नाही. मी लिहिलं, “छेद नहीं हो रहा।” उत्तर आलं, “यह जानकर अच्छा लगा। कृपया पाँच सितारे दीजिए।” मी पुन्हा लिहिलं, “मशीन खराब है, बिट मुड़ गया।” उत्तर आलं, “क्या आप अपना मशीन-कवर भी देखना चाहेंगी?” वैतागून मी मोबाइलला चार शब्द मराठीत सुनावले. ते बरं समजलं त्याला. म्हणालं, “हमारा प्रतिनिधि आपसे बात करेगा।”

फोन आला. एक मुलगी होती, आवाज गोड. आधी फोटो पाठवायला सांगितले. मी पाठवले.

“मैम… आपको चोट लगी है क्या?”

“नहीं तो!”

“मशीन पर खून दिख रहा है।”

“खून नहीं बेटा, कुंकू है। पूजा की थी।”

“किसकी, मैम?”

“मशीन की।”

तिने मला होल्डवर टाकलं. बराच वेळ गाणं वाजलं. मग आली, म्हणाली, “मैम, मेरे सिस्टम में पूजा का ऑप्शन नहीं है। ‘अन्य’ में डाल दूँ?”

“डाल दे,” मी म्हटलं. आवाजच इतका गरीब होता तिचा, की माझा राग उतरला. मी विचारलं, जेवलीस का? कुठली तू? घरी कोण कोण? ती म्हणाली, “मैम, कॉल रिकॉर्ड हो रहा है।” मी म्हटलं, होऊ दे, चांगल्याच गोष्टी बोलतोय. मग तिने पत्ता पक्का केला, माझा नंबर पक्का केला आणि म्हणाली, “कोई दूसरा नंबर, मैम? आप फ़ोन न उठाएँ तो?”

मी उषाताईंचा नंबर दिला.

आता हसू नका. सवय आहे हो ती! गॅसवाला असो, दवाखाना असो, मुलीच्या शाळेचा फॉर्म असो, दुसरा नंबर म्हटलं की तोंडातून तोच निघतो. माझा नंबर मला आठवून सांगावा लागतो, त्यांचा झोपेतही येतो. आकडे सांगता सांगता माझ्या मनात आलं, ह्या पुण्याला गेल्या तर मी दुसरा नंबर कोणाचा देऊ?

“मैम, मैं आपकी और कोई सहायता कर सकती हूँ?”

आणि बघा, माझ्या तोंडून निघून गेलं. “बेटा, हमारे यहाँ से एक जन पूना जा रही हैं। उनको रोक सकती हो क्या?”

ती बिचारी गोंधळली. “मैम, डिस्पैच हो गया क्या?”

“नहीं, अभी तो घर में ही हैं।”

“तो मैम, डिस्पैच से पहले कैंसल हो सकता है।”

किती वेळ मी ते वाक्य घेऊन बसले होते, काय सांगू! निघण्याआधी रद्द होऊ शकतं. एवढं शहाणपण आमच्या घराण्यात कोणी मला सांगितलं नव्हतं.

मशीन परत न्यायला एक जण मोटरसायकलवर आला. मी दारातच सुरू झाले. कसला माल पाठवता, फोटोत काय, प्रत्यक्षात काय, भोक पडत नाही, वर खडखड वाजतं, आतले पुर्जे सुटलेत सगळे, बायकामाणसांना फसवता का! त्याने मशीन हातात घेतलं, कानाजवळ हलवलं. खड खड. मग उलटं करून थोपटलं.

खाली तांदूळ पडले.

दोन-चार नाही. चांगली सुपारीएवढी ढिगली झाली पायरीवर. पिवळी-लाल.

त्याने तांदळाकडे बघितलं. मग माझ्याकडे. “मैडम, ये क्या है?”

“अक्षता,” मी बारीक आवाजात म्हटलं.

“मतलब?”

“पूजा के चावल।”

“आपने मशीन को चावल खिलाया?”

मागे हे उभे होते. ह्यांना ठसका लागला. उगीच नाही, हसू दाबताना लागतो तसला.

“पण… लेकिन वो बिट!” मी म्हटलं. “वो तो मैंने नहीं मोड़ा! वो तो अपने आप मुड़ा, मोम के जैसा!”

“उसकी शिकायत अलग से होगी। वो मशीन में नहीं आता, सामान में आता है,” असं म्हणून त्याने मशीन माझ्या हातात परत दिलं. जाता जाता वळून म्हणाला, “मैडम, ट्रक की पूजा करते हैं न, तो चावल इंजन में नहीं डालते।” मी दार लावून घेतलं.

बिटची वेगळी तक्रार केली. त्याचं उत्तर अजून “अड़तालीस घंटे में” येतंय.

एवढ्यावर निभावलं असतं तर मी तुम्हाला हे सांगितलंच नसतं. तक्रारीनंतर त्यांचा एक फोन येतो ना, काम झालं का, खुश आहात का, तो मी उचलला नाही. मी पायरीवरच्या अक्षता वेचत होते, त्या काही पायदळी जाऊ द्यायच्या नाहीत. म्हणून तो फोन गेला दुसऱ्या नंबरावर.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर कपडे काढायला गेले, तर पलीकडे उषाताई! एवढा जिना चढून, काठी टेकत, घामाघूम. मला बघितल्या बघितल्या म्हणाल्या, “रजू, खरं सांग. मी तुझं काय वाकडं केलं?”

“उषाताई, खुर्ची आणू का? गुडघा…”

“गुडघ्याचं राहू दे! मला फोन येतो, रजनीजींच्या दीवारीचं काम झालं का म्हणून. गुप्ता भाभी सांगतात, तू मधे पत्रा ठोकणार आहेस. मी म्हटलं, शक्य नाही. आणि हे बघ!” त्यांनी काठीने कठड्यावरचा ताटाएवढा खड्डा दाखवला. “मी जायच्या आधीच भिंत घालतेस? अगं, गाडी तरी सुटू द्यायची!”

“म्हणजे जाताय!” मी ओरडले.

“जातेय! म्हणून काय लगेच पत्रा?”

“पत्रा नाही हो, फळी! चहाची फळी!”

मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. चक्की, मकान, बरण्या, टेपवाला, पिचकारी, अक्षता. त्या ऐकता ऐकता कठड्याला रेलल्या. मला वाटलं चक्कर आली. चक्कर कसली! हसून हसून डोळ्यांतून पाणी.

“मूठभर? फटींतून? अगं, भटजीसुद्धा नवरदेवाच्या नाकात नाही टाकत!”

“हसा. पण घर का विकलंत?”

“कोणी विकलं?”

“टेपवाला माप घेऊन गेला!”

“न्हाणीघरात धरायला दांडा बसवायचा आहे. गुडघा बदलायचा ठरलाय, मुलगा म्हणतो पुण्याला करू, मी रजा घेतो. इथे आल्यावर धरायला काहीतरी नको?”

“आणि बरण्या?”

“बंद घरात लोणचं कोण खाणार, पाली?”

मी पदराने तोंड पुसलं. मग आतलं बाहेर आलंच. “मला का नाही सांगितलंत? गुप्ता भाभींना ठाऊक, दूधवाल्याला ठाऊक…”

उषाताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. कबुतरांकडे बघत म्हणाल्या, “त्यांना सांगणं सोपं होतं. तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि मग माझं तिकीट रद्द झालं असतं.”

निघण्याआधी रद्द होऊ शकतं, मला आठवलं. पण गुडघा बघितला त्यांचा, सुजून भोपळ्यासारखा झालेला. आणि अशा गुडघ्याने त्या माझ्याशी भांडायला एवढा जिना चढल्या होत्या. मी काही बोलले नाही. आयुष्यात प्रथमच असेल.

जरा वेळाने त्याच म्हणाल्या, “एक घोळ झालाय गं. घराची किल्ली तुलाच द्यायची होती. झाडांना पाणी, दिवाबत्ती, सगळं तूच बघणार असं मुलालाही सांगितलं होतं. पण काल ते पत्र्याचं ऐकलं, आणि रागाच्या भरात गुप्ता भाभींना देऊन आले.”

“मग परत मागा!”

“शहाणी आहेस. दिलेली किल्ली परत कशी मागू? काय वाटेल त्यांना?”

बरोबरच होतं. काय वाटेल! आपल्याकडे घर गेलं तरी चालेल, पण दिलेली किल्ली परत मागणं? शोभत नाही.

फळी मी शेवटी कपड्यांच्या दोरीनेच बांधली, कठड्याला वेढे घालून. डुगडुगायची. ह्यांनी खालून चहा आणून दिला, स्वतः करून, आल्याचा, साखर विसरलेला. उषाताई आणि मी एक एक हात फळीवर दाबून धरून, दुसऱ्या हाताने कप धरून प्यायलो. त्या म्हणाल्या, “बघ, मशीनपेक्षा बरी बसली.” मी म्हटलं, “बसली कुठे, आपण धरलीय.” खाली सराफ्याकडून कोणाची तरी वरात निघाली होती, तिचा बँड वाजत होता. आम्ही कप रिकामे होऊनही उभ्याच.

मग त्या गेल्या. स्टेशनवर मी डब्यात चढून त्यांची जागा, खालचा बर्थ, शेजारची बाई, तिचं माहेर, सगळं तपासून आले. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात काढला, आणि मी प्लॅटफॉर्मवर जेवढं धावता येईल तेवढं धावले, आमच्या ह्यांनी पदर ओढेपर्यंत.

तर गुप्ता भाभींची बातमी निम्मी खरी निघाली. उषाताई पूना गेल्या. मकान आहे तिथेच आहे. दिवेलागणीला मी भाभींकडे जाते, किल्ली मागते, त्या सोबत येतात, मी तुळशीला पाणी घालते, त्या बघतात. पुढचं अर्धं, म्हणजे त्या परत येणार की नाही, ते गल्लीत कोणालाच ठाऊक नाही. मलासुद्धा. गुडघा बदलून झाला, चालतात, जिनाही चढतात म्हणे, लिफ्ट असून. मी फोनवर विचारते, “आता कधी?” त्या म्हणतात, “मुलगा म्हणतो हिवाळा इथेच काढ. बघू.” त्यांचं ते “बघू” मी रात्रभर उलटून-पालटून बघते, त्यात “हो” आहे का ते.

परवा फोनवर त्यांचा आवाज उतरलेला वाटला. मी म्हटलं, “करमत नाही का?”

“अगं, एवढी मोठी बिल्डिंग,” त्या म्हणाल्या, “पण कोणी कोणाला काही विचारत नाही. लिफ्टमध्ये काठी घेऊन उभी असते मी, एकाने म्हणून विचारलं नाही, आजी, गुडघ्याला काय झालं. तुझी फार आठवण येते बघ.”

माझे डोळे भरून आले. म्हटलं, चला, आपल्या चौकश्यांची कोणाला तरी किंमत आहे! मी ह्यांना खूण केली, स्पीकर लावते, ऐका म्हणून. जन्मभर मला नावं ठेवता ना? ऐका आता!

आणि स्पीकरवर उषाताई म्हणाल्या, “तू इथे असतीस ना रजू, तर एव्हाना साऱ्या बिल्डिंगला माझ्या गुडघ्याचा टाका न्‌ टाका ठाऊक झाला असता. आणि त्यातला निम्मा चुकीचा!”